चार अक्षरांची जागा

जॉब चालू असला की सरांच्या खोलीतला पंखा बंद. आचऱ्याची दमट हवा, वर तापलेली कौलं आणि खाली घामाने निथळणारी मी. सर खिडकीपाशी उभे. जॉब म्हणजे एकदा सोडला की मधे हात न लावता येणारं काम. जुन्या यंत्रातून खलाशांच्या माहितीचा एक गठ्ठा उचलायचा, नव्या साच्यात बसेल असा वळवायचा आणि तिकडे नेऊन ठेवायचा. तो संपेपर्यंत बोलायचं नाही, चहाचं नाव काढायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. पहिल्याच आठवड्यात मला राहवलं नाही आणि मी पंख्याचं बटण दाबलं. त्यांनी शांतपणे येऊन ते बंद केलं.

"माणसां वाटेत आसत," ते म्हणाले. "आणि तुका वारो होयो?"

माणसं कसली, नोंदी होत्या. पण नोंद हा शब्द मी सरांच्या तोंडून कधी ऐकला नाही. काम संपलं की ते विचारायचे, किती माणसां पोचली? मी आकडा सांगितला की लगेच पुढचा प्रश्न, आणि निघाली होती किती? हे दोन आकडे जुळेपर्यंत ते खिडकीपासून हलायचे नाहीत. पुण्यात मी अशी कामं आधीही केली होती. तिथे एखादी नोंद गळली तर आम्ही वडापाव खात खात ती शोधायचो. इथे एक गळली की घरात कोणी तापाने फणफणलंय असं वातावरण. मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ शिव्या घातल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा पंख्यापायी.

मुंबईतली एक जुनी जहाज कंपनी होती. तिच्या खलाशांचा सगळा संसार, म्हणजे कोण कुठल्या बोटीवर, कोण रजेवर, कोणाच्या घरी कोण, हे तिच्या मेनफ्रेमवर होतं. मेनफ्रेम म्हणजे खोली अडवून बसणारा, जुना, दांडगा आणि कधी न रुसणारा संगणक. त्यावरची सगळी रचना सरांनी तरुणपणी केलेली. निवृत्त होऊन ते गावी आले, आणि काही वर्षांनी कंपनीला ते सगळं नव्या प्रणालीत हलवायची घाई झाली. काम आमच्या पुण्याच्या फर्मला मिळालं. सरांशिवाय ती रचना कोणालाच उलगडेना, आणि सर मुंबईला यायला तयार होईनात. "काम होया तर हंय येवा," एवढंच त्यांनी कळवलं. शेवटी फर्मने त्यांच्या घराला लागून असलेली एक खोली भाड्याने घेतली, इंटरनेटची केबल ओढली आणि माझी नेमणूक केली. माझी पात्रता काय, तर मी मालवणची. रोज स्कूटरवरून येजा करायची. आईला फार आनंद झाला. मला झाला नाही.

गावात सरांना फ्रेमकाको म्हणत. मुंबईत मेनफ्रेमवर होते एवढं लोकांच्या कानावर आलेलं, त्यावरून गावाने ठरवलं की यांचा फ्रेमा करायचा मोठा धंदा असणार. लोक देवादिकांच्या तसबिरी आणि मुलींच्या लग्नाचे फोटो घेऊन दारात यायचे. सरांनी एकालाही समजावलं नाही. ते निमूटपणे ती चित्रं मालवणच्या एका दुकानात नेत, फ्रेम करून आणत आणि काच हलत असेल तर दुकानदाराशी तावातावाने भांडत. मी एकदा म्हटलं, सर, सांगून टाका ना खरं काय ते. तर म्हणाले, "सांगान काय होतला? फ्रेम तर झाली मां?"

त्यांचं सगळंच उलटं. गावभर अनवाणी फिरायचे, पण खोलीत शिरताना उंबऱ्यावर बसून मोजे चढवायचे, बूट घालायचे, नाड्या बांधायच्या. मशीनसमोर उघड्या पायांनी जायचं नाही, ही मुंबईच्या मशीनरूमची शिस्त. ते मशीन मुंबईत होतं आणि इथे माझा लॅपटॉप होता, पण हा युक्तिवाद त्यांनी ऐकून घेतला नाही. अंगात रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट. निखिल, म्हणजे आमचा पुण्याचा मॅनेजर, व्हिडिओवर टी-शर्टात दिसला की सर त्याच्याशी अतिशय शुद्ध मराठीत बोलायला लागत. त्यांचं मराठी जितकं शुद्ध, तितका राग जास्त. निखिलला हे कळायला दोन महिने लागले.

आणि 'जाते' म्हणायची सोय नव्हती. एका संध्याकाळी मी बॅग उचलून "सर, मी जाते" म्हटलं आणि स्कूटरपर्यंत पोचले. तर हे मागून बूट वाजवत आले. मला परत आत नेलं, खुर्चीत बसवलं, "आता सांग" म्हणाले. मी म्हटलं, येते. मग सोडलं. आपल्याकडे सगळीच घरं हे पाळतात, पण त्यासाठी माणसाला स्कूटरवरून कोणी उतरवत नाही.

डिलीट या शब्दाचं तर विचारूच नका. चाचणीसाठी मी एक खोटा खलाशी तयार केला होता. काम झाल्यावर तो उडवला. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, कालचो तो खंय? मी म्हटलं, टेस्टचा होता सर, काढून टाकला. त्या दुपारी ते मला सोडून एकटेच जेवले. मग जुनी रचना त्यांनी मला समजावली. तिच्यात प्रत्येक खलाशी घरातल्या कर्त्या माणसासारखा वर, आणि त्याच्याखाली त्याच्या सफरी, त्याची दुखणी, त्याची बायको, मुलं, त्यांचं औषधपाण्याचं कार्ड. वरचा उडवला की खालचं सगळं आपोआप जातं. यंत्र विचारतसुद्धा नाही.

"कर्तो माणूस नाय म्हणान घराक टाळा लावतत काय?" ते म्हणाले. "म्हणान माझ्या राज्यात कोण कोणाक उडवणा नाय."

नव्या प्रणालीत असं नव्हतं. कुटुंब वेगळ्या तक्त्यात, सफरी वेगळ्या, सगळं क्रमांकाने जोडलेलं. शिवाय तिचं खास कौतुक म्हणजे ती आपण होऊन मेसेज पाठवणार होती. खलाशाला बोटीवर बोलावणं आलं की त्यालाही मेसेज, घरीही मेसेज. कोणी वारलं तर कंपनीतर्फे घरी शोकसंदेश. निखिल हे सांगताना खुर्चीत पुढे सरकला होता. सर म्हणाले, "आमच्या गावात तार आली की बायका आधी रडायच्या आणि मग वाचायला कोणाला तरी बोलवायच्या. तुम्ही ती प्रत्येकीच्या कमरेला बांधणार आहात." इतकं शुद्ध मराठी ऐकून मीच लॅपटॉपचा आवाज कमी केला.

दुपारचं जेवण सरांच्या घरून यायचं. त्यांच्या धाकट्या भावाची बायको करायची. मी त्यांना काकी म्हणे. बोलायला कमी, हाताला चव, कपाळावर ठसठशीत कुंकू. सरांचं लग्न झालं नव्हतं. घरात हे दोघंच. काकींच्या यजमानांबद्दल मी एकदा शेजारच्या दुकानात विचारलं तेव्हा "घोव बोटीर असता" असं उत्तर मिळालं. या किनाऱ्यावर निम्म्या घरांतून हेच उत्तर मिळतं, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

आता त्या एका ओळीबद्दल. जुन्या रचनेत प्रत्येक खलाशाची स्थिती लिहायला चार इंग्रजी अक्षरांची जागा होती. सरांनी तरुणपणाच्या रगेत तिथे मालवणी शब्द घातले होते. ASA, म्हणजे आसा, बोटीवर आहे. GHAR, म्हणजे रजेवर. GELO, म्हणजे वारला. आणि चौथा, YETO. नव्या प्रणालीतल्या स्थिती वेगळ्या, म्हणून कुठल्या जुन्या शब्दाचं नव्यात काय करायचं याचा तक्ता पुण्याहून सरांकडे आला. त्यांनी सगळ्या ओळी भरल्या, येतोची सोडली. समोर लिहिलं, हात लावू नये, तसाच न्यावा. तसाच नेणं शक्य नव्हतं. निखिलने शेजारच्या टेबलावरच्या एका मुलाला विचारलं, हे येतो म्हणजे काय असावं रे? तो म्हणाला, येतोय म्हणजे येणार. बरोबरच होतं ते. निखिलने समोर 'येणार, बोलावणे निश्चित' असं भरलं आणि कंपनीने मान्य केलं. चाचण्या आम्ही फक्त हल्ली नोकरीत असलेल्यांच्या माहितीवर घेत होतो. त्यांत येतो कोणीच नव्हता, म्हणून कोणाला काही खटकलं नाही.

अखेरच्या स्थलांतराची तारीख ठरली, बोटीवर जाणाऱ्यांची तिकिटं निघाली, आणि त्याच सुमाराला रामेश्वराचा कौल झाला. आचऱ्याची गावपळण. बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण दर काही वर्षांनी देवाचा कौल मिळाला की हा सगळा गाव घरांना कड्या लावून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली मुलं, सगळे. मागे कोणी राहायचं नाही. आणि देवाने दिलेले दिवस नेमके आमचे.

निखिलने मला विचारलं, देवाला तारीख पुढे ढकलायला सांगता येते का? मी तो प्रश्न सरांपर्यंत नेला नसता, पण फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "तुम्ही कंपनीला विचारा, मी देवाला विचारतो. बघू कोण ऐकतं." कंपनीने ऐकलं नाही. देवाला सरांनी विचारलंच नाही.

मला वाटलं होतं सर चिडतील. उलट ते खुशीत आले. गावपळण म्हणजेच खरं मायग्रेशन, असं त्यांचं म्हणणं. गाव रिकामा होतो, पण मोडत नाही. घरं तशीच उभी असतात, न जमलं तर माघारी यायला. त्यांनी निखिलकडून लिहून घेतलं की त्यांची संमती येईपर्यंत जुनं यंत्र जिवंत ठेवायचं आणि त्यांनी नाही म्हटलं तर सगळी माणसं परत. मग मला खोलीला कुलूप लावायला लावलं. खोली वेशीच्या आत होती. मी मालवणला माझ्या घरून काम करायचं ठरलं. त्यांचा फोनसुद्धा त्यांनी घरातच ठेवला. मी काकुळतीला आले तर म्हणाले, "देव सांगता घर सोड. मगे घराची वायर कित्याक वांगडा न्हेवची?"

नगारा वाजला आणि गाव निघाला. मी तेव्हा तिथेच होते. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या, टेम्पोत गाद्या, दोरीला म्हशी. सर शेजारच्या एका घराच्या मागच्या दारी वाकून बघत होते. मांजर राहिलं होतं म्हणे. ते काखोटीला मारून सगळ्यांच्या मागून चालत गेले. त्यांच्याबरोबर काकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि पंखा बंद केला. आई म्हणाली, वेड लागलं का तुला? जुन्या यंत्रातली होती नव्हती तेवढी सगळी माणसं त्या दिवशी निघाली होती, अगदी पहिल्यापासूनची. दुपार कलता कलता दोन्ही आकडे जुळले. मी टेबलावर डोकं टेकलं आणि थोडी रडलेसुद्धा, दमून. निखिलचा फोन आला. पाचला मेसेज सुटतील, बंदरात एक बोट माणसांची वाट बघत उभी आहे, उशीर चालणार नाही, एकदा नजर टाकून घे.

मी आमचा तालुका उघडला. उगीच, ओळखीचं कोणी दिसतंय का बघायला. आणि दिसलं. वसंत, मुक्काम आचरा, खाली काकींचं नाव, औषधपाण्याच्या कार्डासाठी दिलेला त्यांचा मोबाइल नंबर. स्थिती: येणार. तयार मेसेज असा होता: 'श्री. वसंत यांचे येणे निश्चित झाले आहे. कृपया संपर्कात राहावे.'

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. म्हटलं कंपनीच्या आधी आपणच काकींना सांगावं. त्यांचा नंबर लावायला फोन हातात घेतला, आणि सवय म्हणून, फक्त सवय म्हणून, काका आत्ता कुठल्या बोटीवर आहेत ते बघितलं. शेवटची सफर होती तिच्यात चढल्याची नोंद होती. उतरल्याची नव्हती. ती बोट कंपनीने केव्हाच भंगारात काढलेली होती. मग मी येतो स्थितीतली बाकीची नावं उघडली. रत्नागिरीचे, केरळचे, गोव्याचे. थोडेच होते. प्रत्येकजण चढलेला होता, उतरलेला कोणी नव्हता.

निखिलला सांगताना माझा आवाज चढला. त्याने ऐकून घेतलं, तो वाईट माणूस नव्हे. पण त्याचे हात बांधलेले. आज रचनेत बदल करायला बंदी आहे, तो म्हणाला, आणि तुझ्या अंदाजावर मी मान्य झालेला अर्थ फिरवू शकत नाही. मी म्हटलं, ती जागा रिकामी ठेव. रिकामी चालत नाही. नव्या रचनेत स्थिती भरलेलीच हवी. मग त्याने सुचवलं, त्या सगळ्यांना 'मयत' करू या, म्हणजे येणारचा मेसेज जाणार नाही. मी विचारलं, मग कुठला जाईल? त्याने तक्ता बघितला. शोकसंदेश जाईल. शेवटी तो म्हणाला, सरांनी स्वतः सांगायला हवं, पाचच्या आत. आणि जाता जाता विचारलं, "ती माणसं येणार नाहीत हे तुला नक्की माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. काकींच्या कमरेला तो फोन खोचलेला असतो, एवढंच माहीत होतं.

स्कूटर मी इतकी जोरात कधी चालवली नाही. खाडीचा पूल ओलांडला, आणि वायंगणीच्या बाजूला, आचऱ्याच्या वेशीबाहेर, झावळ्यांच्या राहुट्याच राहुट्या. कुठे भजन, कुठे पत्ते, कुठे कोंबडी शिजतेय. दर तिसरा माणूस मला जेवायला बसवायला बघत होता. फ्रेमकाको खंय, फ्रेमकाको खंय, असं विचारत मी धावत होते. कोणीतरी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूला बोट दाखवलं.

सर शेजाऱ्याच्या कोंबड्या मोजत होते. इस्त्रीचा शर्ट, अनवाणी पाय. काकी राहुटीच्या तोंडाशी तीन दगडांच्या चुलीवर सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, सार करत होत्या. मला बघून हसल्या. फोन कमरेलाच होता. मी सरांना हाताला धरून बाजूला नेलं आणि हळू आवाजात विचारलं, सर, येतो म्हणजे काय?

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"तसोच न्या म्हणान सांगलंलंय मां," ते म्हणाले.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. पाचला काय होणार तेही. ते जवळच्या दगडावर बसले. "तो माझ्या ऑफिसात इलो होतो. बॅग दारात ठेवन बोल्लो, दादा, येतंय. मीच तेका बोटीर चिकटवललंय. मगे कंपनीची तार इली, डेकवर शोधून गावणा नाय म्हणान. गावणा नाय. मेलो असा तेंणी लिवक नाय. मढा नाय, कागद नाय. मगे माझ्या हातान मी गेलो लिवतलंय?" मग म्हणाले, "आमचा निरोपाचा येतंय बसणा नाय होता. चारच अक्षरांची जागा. येतो बसला." पुढे ज्या ज्या घरी अशी बातमी गेली, त्या त्या माणसासमोर त्यांनी हाच शब्द घातला होता.

मी निखिलला फोन लावून त्यांच्या हातात दिला. फोनवर सर नेहमीच मोठ्याने बोलत, समोरचा पुण्यात आहे म्हणून. मी खुणा करत राहिले, त्यांचं लक्ष नव्हतं. काकींनी सार ढवळायचं थांबवलं.

"ती माणसं बोटीवर येणार नाहीत," सर म्हणाले. "आणि ती मयतही नाहीत. आपल्या रचनेत आणखी एक जागा करा." पलीकडून बंदी, नियम, वेळ असं काहीतरी चाललं होतं. सर उभे राहिले. "मग माझी संमती नाही. जुनं यंत्र चालू आहे. माझी सगळी माणसं माघारी पाठवा." सगळी माणसं माघारी म्हणजे आमचं वर्षभराचं काम मातीत, आणि बंदरातल्या बोटीला माणूस नाही. मग निखिलचा बारीक आवाज आला. करतो म्हणाला. नवी स्थिती घालतो, तिला मेसेज नसेल. नाव काय देऊ, लवकर सांगा.

सर फोन कानाला धरून बोटांवर अक्षरं मोजायला लागले.

"भावजी," काकी म्हणाल्या. त्या हात पुसत जवळ आल्या होत्या. "दुसऱ्यांचा तुम्ही काय होया ता लिवा. ह्येंचा मात्र गेलो म्हणान लिवा."

"तुका कोणी सांगला?"

"कोणी सांगूक कित्याक होया? माका ठाऊक आसा. त्याच वर्सापासून आसा." त्यांचा आवाज चढला नाही. "कुकू लावतंय ता तुमका बरा वाटाचा म्हणान. तुम्ही जेवक बसतास, आधी माझ्या कपाळाकडे बघतास, मगे घास घेतास. माका दिसता मां सगळा. तुम्ही जेवूचे नाय म्हणान लावतंय."

मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण फोन माझा होता.

सरांनी तोंड फिरवलं. मग निखिलला म्हणाले, नव्या स्थितीचं नाव 'ठावठिकाणा नाही' असं ठेवा, बाकी सगळे त्यात घाला. आणि वसंत, मयत. निखिलने चाचरत विचारलं, सर, मयत असेल तर तारीख लागते, त्याशिवाय प्रणाली घेत नाही. काय घालू?

"आजची," सर म्हणाले.

निखिलने शोकसंदेश थांबवू का म्हणून विचारलं. सरांनी काकींकडे बघितलं.

"येंवदे," काकी म्हणाल्या. "इतक्या वर्सांत माका कोणी काय बोलूक नाय. मशीन तर मशीन."

आपल्यात मरणाची बातमी कानावर आली की अंगावरच्या कपड्यांनिशी न्हायचं असतं, मग ती कितीही उशिरा येवो. सर फोन माझ्या हातात देऊन पुन्हा त्या दगडावर बसले होते आणि उठत नव्हते. भजनाचा आवाज येत होता. काकी राहुटीत जाऊन टॉवेल घेऊन आल्या.

"उठा, भावजी. न्हावन येवा," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच न्हालंय, तुमका कळू दिलंय नाय. तुमचा तेवढा ऱ्हवला."

सर उठले आणि शर्ट न काढता व्हाळात उतरले.